उधळ्या पुत्राचा दृष्टांत आणि जव्हार–मोखाड्याच्या बोली

बायबलच्या शास्त्रीय अभ्यासासाठी स्थापन झालेल्या विद्वत्सभा आपल्या सभासदांस ज्या वार्ता कळवितात, त्यांचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. पुढील अधिवेशन कोठे भरणार, निबंध केव्हापर्यंत स्वीकारले जाणार, कोणत्या हस्तलिखितसंग्रहाची सूची सिद्ध झाली, तरुण अभ्यासकांसाठी कोणती प्रवासवृत्ती ठेवण्यात आली, असा तो मजकूर असतो. महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थी ही पत्रके वाचतो तेव्हा ‘संधी’ ही समुद्रापलीकडची वस्तू आहे, अशी त्याची नकळत समजूत होते. ही समजूत सर्वस्वी खरी नाही. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात, जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत, बायबलच्या अभ्यासकासाठी एक काम शतकाहून अधिक काळ तसेच पडून आहे. त्या कामाचे मूळ एका सरकारी सर्वेक्षणात आहे.

जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांच्या नेतृत्वाखाली १८९४ साली भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचे काम सुरू झाले. १८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने त्याचा आग्रह धरला होता. प्रत्येक भाषेचे व बोलीचे तीन नमुने मिळवावयाचे, अशी सर्वेक्षणाची पद्धती होती. पहिला नमुना म्हणजे सर्वत्र एकाच उताऱ्याचे भाषांतर, दुसरा त्या त्या ठिकाणची एखादी कथा अथवा निवेदन, आणि तिसरा शब्दांची व वाक्यांची एक ठराविक यादी. पहिल्या नमुन्यासाठी निवडलेला उतारा होता लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. निवडीमागे धर्मप्रसाराचा हेतू नव्हता. या छोट्याशा कथेत तिन्ही पुरुषवाचक सर्वनामे येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे भूत, वर्तमान व भविष्य हे तिन्ही काळ येतात; व्याकरणकाराला हवे ते सारे एका पानात मिळते, हे तिच्या निवडीचे कारण होते. भारतीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मूळ मजकुरात किंचित शाब्दिक फेरफार करण्यात आला. कथेच्या शेवटी पोसलेले वासरू मारण्याचा प्रसंग आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्या फेरफाराची गरज कोठे भासली असावी हे सांगावे लागत नाही.

मराठीचा सातवा खंड १९०५ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी केले. कोकणपट्टीतील बोलींच्या गटात त्यात वारली, काथोडी म्हणजे कातकरी, ठाकरी इत्यादी बोलींचा समावेश आहे. त्या काळी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. (जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले; पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) येशूच्या मुखातील एक कथा वारल्यांच्या बोलीत छापली गेली ती, अशा रीतीने, विभक्तिप्रत्ययांच्या शोधासाठी. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यातील प्रत्यय उचलले आणि कथा तेथेच सोडली. बायबलच्या अभ्यासकांनी तर त्या खंडाकडे आपला ग्रंथ म्हणून कधी पाहिलेच नाही.

मराठीत बायबलच्या भाषांतराची परंपरा काही उणी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले; ते भाषांतर नसून स्वतंत्र काव्य आहे, तथापि बायबलमधील कथा मराठी ओवीत प्रथम अवतरली ती तेथे. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार छापला. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे हे काम आपल्या हाती घेतले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले तोपर्यंत त्या याच कामात गढलेल्या होत्या. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. वसई आणि मोखाडा आज एकाच जिल्ह्याची दोन टोके आहेत. परंतु ही सर्व भाषांतरे प्रमाण मराठीत आहेत, आणि मोखाड्याच्या पाड्यावरील वृद्धेच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा होय.

प्रश्न केवळ आकलनाचा असता तर तो भाषांतरसंस्थांवर सोपवून विद्यापीठांस स्वस्थ बसता आले असते. परंतु ही कथा जव्हार–मोखाड्याच्या बोलीत सांगू जाता मूळ ग्रीक संहितेतील असे काही पेच उघडे पडतात, जे प्रमाण मराठीत झाकले जातात. ते कसे, हे पाहण्यापूर्वी कथेची रूपरेषा ध्यानात असावी. दोन मुलांपैकी धाकटा बापाकडे आपला वाटा मागतो, तो घेऊन दूर देशी जातो, तेथे सर्व उधळतो. मग त्या देशी दुष्काळ पडतो, तो डुकरे राखू लागतो, उपाशी राहतो, आणि बापाच्या घरी मोलकरी होऊन राहावे अशा विचाराने परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो व मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकून रुसतो, आणि कथा त्याच्या रुसव्यापाशी थांबते.

पहिला पेच नोकरांच्या नावांचा. या बावीस वचनांत ग्रीकमध्ये चाकरासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत. धाकट्याला आठवतात ते ‘मिस्थिओस’, म्हणजे मोल घेऊन राबणारे रोजकरी. बाप वस्त्रे आणण्यास सांगतो ते ‘दूलोस’, म्हणजे घरचे दास. थोरला चौकशी करतो ती ‘पाइस’पाशी, म्हणजे पोऱ्यापाशी. शिवाय थोरला बापाला सुनावतो तेव्हा ‘दूलोस’वरूनच झालेले क्रियापद वापरतो, आपण पुत्र असूनही दासासारखे राबलो, ही त्याची तक्रार आहे. मराठी वाचकाला ‘चाकर’ आणि ‘सेवा’ या दोन शब्दांवर भागविता येते, कारण त्याच्या कानाला त्यांतील अंतर टोचत नाही.

ठाण्याच्या आदिवासी भागात हे अंतर टोचल्यावाचून राहत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यावी आणि तिच्यापायी नवऱ्याने, पुढे बायकोनेही, आयुष्यभर त्याच्याकडे राबावे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा या भागात होती. वेठबिगार होती ती वेगळीच. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याने या दोन्हींवर घाव घातला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात त्याचा वृत्तांत आहे. वेठबिगारीला कायद्याने देशभर बंदी झाली ती १९७६ साली. अशा प्रदेशात ‘मिस्थिओस’साठी ‘गडी’ हा शब्द योजला तर धाकटा मुलगा बापालाच सावकार करतो, आणि कथेचा तोल जातो. तेथे ‘रोजावरचा मजूर’ हेच भाषांतर नेमके ठरते, कारण रोजकरी संध्याकाळी आपल्या पैशांसह मोकळा असतो. उलट, थोरल्याच्या तोंडी ‘सेवा’ हा शब्द फार मऊ आहे. इतकी वर्षे तुमची वेठच केली, असे तो म्हणाला तर ग्रीक क्रियापदाची धार जशीच्या तशी उतरते. पंडितांना टीकाग्रंथ उघडून जो भेद समजून घ्यावा लागतो, तो ज्यांच्या आजोबांनी वेठ केली त्यांना कोणी समजावून द्यावा लागत नाही.

याच ठिकाणी पाठभेदाचाही एक प्रश्न आहे. ‘मला मोलकरी करून ठेवा’ हे वाक्य धाकटा वाटेत मनाशी घोकतो; पण बापापुढे उभा राहिल्यावर ते उच्चारतो काय? सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील थोर हस्तलिखितांत तो ते उच्चारतो. अन्य अनेक प्रतींत बापाची मिठी त्याचे बोलणे मध्येच तोडते. बहुतेक संपादकांनी दुसरा पाठ स्वीकारला आहे, आणि त्याचे कारण असे की, आधीच्या वचनाशी जुळावे म्हणून लेखनिकाने वाक्य पुन्हा घालणे सहज संभवते, ते गाळणे तितके संभवत नाही. गड्याची आणि रोजकऱ्याची ओळख असलेल्या श्रोत्यांना हे दोन्ही पाठ ऐकवावे आणि त्यांना बाप कोठे निराळा वाटतो हे टिपावे, हा प्रयोग कोणत्याही परदेशी ग्रंथालयात होणारा नाही.

दुसरा पेच वाट्याचा. मुलगा मागतो ती ‘ऊसिआ’, म्हणजे मालमत्ता. बाप वाटून देतो तो ‘बिओस’. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ उपजीविका असा होतो, आणि जीवन असाही होतो. इंग्रजी भाषांतरांना येथे हात टेकावे लागतात. मराठीत मात्र ‘जिनगी’ हा शब्द आयता आहे. मालमत्ता आणि आयुष्य हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. तो बोलीत सहज चालतो, पण ग्रांथिक भाषेला कदाचित गावंढळ वाटत असावा. पुढे मुलगा ‘सर्व गोळा करून’ निघतो. त्याने आपला वाटा विकून रोकड केली, असा या शब्दप्रयोगाचा अर्थ अभ्यासक करतात. जव्हार–मोखाड्याच्या श्रोत्याला ही विक्रीच विचित्र वाटेल. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा तर वारशाने मुलाकडे येतो, पण कोणालाही विकता येत नाही. सावकाराच्या वहीत जमीन गेल्याची आठवण येथील घराघरांत आहे. बापाच्या डोळ्यांदेखत जमिनीचे पैसे करणारा मुलगा या श्रोत्यांच्या लेखी केवळ उधळ्या राहत नाही; त्याचा अपराध अधिक जुना आणि अधिक जड होतो.

तिसरा पेच अन्नाचा आहे. डुकरे खात ती फळे म्हणजे ‘केरातिऑन’, कॅरोब वृक्षाच्या शेंगा. यहुदी परंपरेत त्या गरिबाच्या उपासमारीचे अन्न म्हणून ओळखल्या जात. मराठीत ‘शेंगा’ म्हटले की हा अर्थ साफ पुसला जातो, कारण शेंगा आपण आवडीने खातो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात अडचणीच्या दिवसांत कडूकंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडूपणा काढून खाण्याचा प्रघात आहे. ‘कडूकंद’ हा शेंगांचा अनुवाद खचित नव्हे. परंतु मूळ शब्दाने गालीलातील श्रोत्याच्या पोटात जो खड्डा पडत असेल, तो येथे त्याच शब्दाने पडेल. वनस्पतिशास्त्र राखावे की भूक राखावी, हा वाद भाषांतरमीमांसेत जुनाच आहे. येथे तो खऱ्या भुकेच्या प्रदेशात उभा राहतो, एवढेच. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, आणि पुढेही या दोन तालुक्यांचे नाव त्याच कारणाने वारंवार वृत्तपत्रांत आले.

भुकेच्या या मुद्द्यावर पाश्चात्त्य अभ्यासकांना एक धडा मिळाला आहे. मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन नव्याकराराच्या अध्यापकांनी आपल्या देशातील शंभर जणांना हा दृष्टांत वाचून स्मरणाने पुन्हा सांगावयास लावला. त्यांपैकी अवघ्या ६ जणांना दुष्काळाचा उल्लेख आठवला. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे, जेथे दुसऱ्या महायुद्धातील वेढ्यात लाखो माणसे उपासमारीने मेली, तेथे ५० पैकी ४२ जणांनी दुष्काळ सांगितला. मुलगा उपाशी का मरू लागला, असे टांझानियात विचारले असता बहुतेकांचे उत्तर निराळेच आले : परक्या देशात त्याला कोणी काही दिले नाही म्हणून. हे तिन्ही कारण लूकच्या संहितेत शब्दशः आहेत. अमेरिकन वाचक उधळपट्टी पाहतो, रशियन दुष्काळ पाहतो, आफ्रिकी वाचक निर्दय गाव पाहतो. संहिता मात्र तिघांना पुरून उरते.

मोखाड्यात काय ऐकू येईल? या भागातील असंख्य कुटुंबे भाताची व नागलीची कापणी उरकली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. बयाणा घेऊन निघावयाचे, भिवंडी–वसईकडे पाले ठोकून राहावयाचे आणि होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परतावयाचे, असा हा वार्षिक फेरा आहे. त्याला येथील लोक ‘जगायला जाणे’ म्हणतात. दूर देशी मुलगा जातो तो लूकच्या कथेत मरणाच्या वाटेने, आणि बाप त्याच्या परतण्याला मृताचे जिवंत होणे म्हणतो; येथे गाव सोडण्याचेच नाव जगणे आहे. ही दोन वाक्ये समोरासमोर आली म्हणजे श्रोता कोणाची बाजू घेतो, याचे उत्तर घरबसल्या तर्काने देण्यासारखे नाही.

मात्र अशा क्षेत्रीय अभ्यासाला एक खाच आहे, आणि तिची जाणीव प्रथमपासून हवी. केनेथ बेली यांनी मध्यपूर्वेतील खेड्यांत अनेक वर्षे राहून, हयात बापाकडे मुलाने वाटा मागितल्याचे कधी ऐकले आहे काय, असे शेतकऱ्यांना विचारले. असे मागणे म्हणजे बापाचे मरण इच्छिणे होय, हे त्यांना मिळालेले उत्तर त्यांच्या १९७६ च्या ‘पोएट अँड पेझंट’ या ग्रंथाचा कणा आहे. ग्रंथ गाजला. पण विसाव्या शतकातील खेडुताच्या उत्तरावरून पहिल्या शतकातील श्रोत्याचे मन कसे सिद्ध होते, हा आक्षेप त्यावर राहिलाच. जव्हारचा वारली शेतकरी हा येशूकालीन गालीलाचा साक्षीदार नव्हे. तो संहितेचा एक वाचक आहे, आणि त्याच्या वाचनाचे मोल वाचन म्हणूनच आहे. ही मर्यादा पाळली तर पॉवेल यांची पद्धती बेलींपेक्षा अधिक सुरक्षित दिसते. बोलीविषयीही तेवढाच विवेक हवा. १९०५ चे नमुने सामान्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या द्वारे, लिहित्या माणसांच्या मध्यस्थीने तयार झाले. त्यांतील वाक्यरचनेवर लिखित मराठीची छाया असणे अपरिहार्य होते. तसेच वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी या समाजांच्या बोलींना सरसकट ‘आदिवासी बोली’ म्हणून एका दावणीला बांधणे, हे अभ्यासाचे नव्हे, आळसाचे लक्षण होय.

तुलनेसाठी साधने आता हाताशी आहेत. सर्वेक्षणाचे सर्व खंड संगणकीय रूपात विनामूल्य वाचावयास मिळतात. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीचे वर्णन केले. अरुण जाखडे यांनी संपादिलेला लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली आला. आणि डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह केलेल्या अलीकडच्या बोलीसर्वेक्षणाने जिल्ह्याजिल्ह्यांतील ध्वनिमुद्रणे खुली केली आहेत. १९०५ चे वारली वाक्य आणि आजचे बोललेले वाक्य शेजारी ठेवणे हे एका प्रबंधिकेचे काम आहे.

त्याला व्यासपीठ कोणते, हेही पाहिले पाहिजे. १९३८ साली स्थापन झालेल्या नव्या कराराच्या आंतरराष्ट्रीय विद्वत्सभेचे सभासदत्व विद्यमान सभासदांच्या सूचनेवरून मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तूर्त तिचा विचार न केलेला बरा. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या बायबल-वाङ्मय सभेचे, म्हणजे सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरचे, विद्यार्थी-सभासदत्व मात्र खुले आहे. अल्प दरडोई उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासकांसाठी तिची एक सहकार्य योजना असून तिच्याद्वारे अनेक ग्रंथ विनामूल्य उतरवून घेता येतात; महागड्या टीकाग्रंथांवाचून अडलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या अध्यापकाला ही सोय मोठीच आहे. तिच्या अधिवेशनात बायबलच्या भाषांतरावर स्वतंत्र बैठका होतात. भाषांतराच्या प्रश्नांना वाहिलेले ‘द बायबल ट्रान्स्लेटर’ हे नियतकालिक १९५० पासून चालू आहे. जवळचे म्हणावे तर पुण्यास ज्ञानदीप विद्यापीठ आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन संस्थांची ग्रंथालये आहेत.

एक अट कोणत्याही सभेच्या पत्रकात नसली तरी पाळावी लागेल. जेथे धर्मांतराचा विषय नाजूक आहे, तेथे बायबलमधील कथा घेऊन पाड्यावर जाणाऱ्याने आपला हेतू ग्रामसभेपुढे स्पष्ट सांगावा, ध्वनिमुद्रणास प्रत्येकाची संमती घ्यावी, त्याची प्रत गावास द्यावी, आणि ज्याच्या तोंडून शब्द मिळाला त्याला ‘माहितगार’ म्हणून तळटीपेत न टाकता सहलेखक म्हणून पुढे आणावे. ग्रिअर्सन यांच्या पद्धतीतील दुसरा नमुनाही विसरू नये. पाहुण्याची कथा ऐकवावयाची तर यजमानाची ऐकावयासही हवी. कणसरीची, नारनदेवाची कथा सांगणारी माणसे, लग्नात गाणाऱ्या धवलेऱ्या अद्याप आहेत.

क्षेत्रकार्याचा काळ मात्र विचारपूर्वक निवडावा. विद्यापीठांच्या हिवाळी सुटीत गेलेल्या अभ्यासकाला पाड्यावर बहुतांशी वृद्धच भेटतात; तरुण माणसे तेव्हा भट्टीवर असतात. भट्ट्या पावसापूर्वी बंद होतात. मे महिन्याच्या अखेरीपासून राब भाजून पेरणीची वाट पाहण्याच्या दिवसांपर्यंत परतलेले मुलगे आणि त्यांची वाट पाहणारे बाप, दोघेही घरी सापडतात.